काझबेगीचा जमाखर्च

जॉर्जियाच्या राजधानीहून, म्हणजे तिबिलिसीहून, काझबेगीला जायचे तीन मार्ग आहेत असं जो तो सांगतो. रस्ता मात्र एकच आहे. कॉकेशस पर्वत ओलांडून रशियाच्या हद्दीला भिडणारा हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झारच्या फौजेने आपल्या सोयीसाठी बांधून काढला आणि आजही तो 'जॉर्जियन मिलिटरी हायवे' याच नावाने ओळखला जातो. अंतर दीडशे किलोमीटरांहून थोडं जास्त, वेळ साधारण तीन तास. त्यावरून मार्श्रुत्का नावाची छोटी बस धावते, टॅक्सी धावते आणि चालकासह ठरवलेली खाजगी गाडीही धावते. शहाणा माणूस यातलं एक वाहन निवडतो. मी तिन्ही निवडली, तीही एकाच दिवशी, आणि त्यातलं एकही ज्या कामासाठी असतं त्या कामाला वापरलं नाही.

मी जन्मभर सांगली जिल्ह्यातल्या पतसंस्था आणि सोसायट्यांची लेखापरीक्षणं केली. दुसऱ्याने केलेला खर्च पाहिला की तो जास्तच झाला आहे अशी माझी प्रामाणिक समजूत असते. आमचे साडू बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीभर दाराशी सरकारी जीप उभी असल्यामुळे आपण वाहनाकडे जायचं असतं ही कल्पनाच त्यांना माहीत नाही. साडू हे नातं बरोबरीचं. म्हणूनच समोरचा आपल्या बरोबरीला येऊ नये असं त्यात दोघांनाही वाटत असतं. साडूंची मुलगी तिबिलिसीत डॉक्टरकीचं शिक्षण घेते. तिथे आपल्याकडची पोरं वैद्यकीय शिक्षणासाठी इतकी आहेत की मेट्रोत मराठीतून कुणाला नावं ठेवायची चोरी झाली आहे. तिला भेटायला म्हणून आम्ही दोघं आणि ते दोघं, असे चौघं सप्टेंबरअखेरीस गेलो होतो.

आदल्या रात्री साडू म्हणाले, "पोरीने एक गाडी बघून ठेवलीय. अडीचशे लारी. नेणार, आणणार, सांगू तिथे थांबणार. वरच्या चर्चपर्यंतसुद्धा नेतो म्हणतोय."

लारी म्हणजे तिथलं चलन, तेव्हा एका लारीचे साधारण तीस रुपये. साडेसात हजार हा आकडा कानावर पडताच माझ्यातला लेखापरीक्षक खडबडून जागा झाला. मी वही काढली, रकाने आखले. मार्श्रुत्का माणशी वीस लारी. चौघांचे जायचे ऐंशी, यायचे ऐंशी, एकूण एकशे साठ. निव्वळ बचत नव्वद लारी.

"काका, मार्श्रुत्का वाटेत काही दाखवायला थांबत नाही," भाची म्हणाली. "आणि शेवटची सहाला असते."

मी 'प्रेक्षणीय स्थळे' या रकान्यात 'खिडकीतून' असं लिहिलं आणि सहा वाजण्याच्या मुद्द्यावर बरोबरची खूण केली.

"अहो, भावजी सांगताहेत ती गाडी काय वाईट आहे?" बायकोने विचारलं.

"वाईट काहीच नाही, अनावश्यक आहे," मी म्हणालो. लेखापरीक्षणात या शेऱ्यावर अपील नसतं.

दिदुबे नावाचं मेट्रो स्थानक आहे. त्याच्या बाहेर पडलं की भाजीबाजार, कपडेबाजार, पावांची दुकानं आणि गाड्यांचा तळ यांचा एकच गोंधळ सुरू होतो. देशाच्या उत्तरेला आणि पश्चिमेला जाणाऱ्या मार्श्रुत्का तिथून सुटतात. आम्ही पाय टाकतो न टाकतो तोच चार टॅक्सीवाले "काझबेगी, काझबेगी" करत अंगावर आले. आज मार्श्रुत्का नाही, असं एकाने हाताने सांगितलं. आत्ताच गेली, असं दुसऱ्याने सांगितलं. तिसरा माणशी चाळीस लारी मागत होता आणि वाटेतले तीन थांबे बोटांवर मोजून दाखवत होता. दोन साक्षीदारांच्या जबानीत तफावत आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि त्या भरात तिसऱ्याचं म्हणणं मी कामकाजातून वगळलं.

जॉर्जियन लिपीत तेहतीस अक्षरं आहेत आणि ती सगळी गोलाकार, एकमेकांची सख्खी भावंडं वाटावीत अशी आहेत. रात्री जागून मी 'काझबेगी'ची सातही अक्षरं वहीत गिरवून घेतली होती. ती वही पुढे धरून मी एकेका गाडीच्या काचेसमोर उभा राहू लागलो. पाचवं अक्षर जुळवत असताना मागून मेहुणी म्हणाली, "भावजी, खाली इंग्रजीत लिहिलंय की."

मार्श्रुत्का म्हणजे आपल्या सांगली-कोल्हापूरकडची वडाप. गाडी परदेशी, रस्ता परदेशी, पण सुटण्याचा नियम तोच: भरली की निघायचं. आम्ही चढलो तेव्हा ती अर्धी रिकामी होती. चालक खाली उतरून सिगारेट ओढत होता आणि प्रत्येक नव्या उतारूकडे वसुली अधिकाऱ्याच्या नजरेने पाहत होता. पाऊण तासाने शेवटची बाई आली. तिच्याबरोबर बटाट्याचं पोतं आणि मोटारीचं एक टायर होतं. टायर माझ्या पायाशी आलं, पोतं साडूंच्या गुडघ्यांना टेकलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

खिडकीतून दिसण्यासारखं खूप होतं. जिनवालीचं धरण, त्याचा निळा जलाशय, काठावरचा अनानुरीचा किल्ला. अराग्वी खोऱ्याच्या सरदारांनी भाऊबंदकीत रक्त सांडलेला तो किल्ला पाहायला लोक जगभरातून येतात. आमच्या जागा मात्र जलाशयाच्या विरुद्ध अंगाला होत्या. बटाटेवाल्या बाईच्या रुमालाच्या वर किल्ल्याचा शंकूसारखा कळस क्षणभर दिसला आणि गेला. मी वहीत 'अनानुरी, पाहिले' अशी नोंद केली.

चालकाचा वेग हा वेगळा विषय आहे. जॉर्जियन माणूस देवभोळा. वाटेत चर्च दिसलं की तीन वेळा छातीवर क्रूस काढणारच, मग ते समोरच्या डोंगरावर का असेना. त्या देशात चर्चला तोटा नाही, आणि आमच्या चालकाच्या दुसऱ्या हातात फोन होता. प्रत्येक चर्चला गाडी काही क्षण पूर्णपणे परमेश्वराच्या हवाली असे. साडू सुरुवातीला रस्त्याच्या साईडपट्टीवर आणि कठड्यांवर तांत्रिक टीका करत होते. म्लेतानंतरच्या घाटात तेही बंद झालं. क्वेशेतीपासून पलीकडे कोबीपर्यंत डोंगराच्या पोटातून नऊएक किलोमीटरचा बोगदा खोदला जातोय, एवढं एकच वाक्य ते बोलले. त्यात "तो झाल्यावर यायला हवं होतं" हे अध्याहृत होतं.

गुदौरी हे बर्फावरच्या खेळांचं गाव मागे पडलं आणि वळणावर मैत्रीस्मारक दिसू लागलं. दरीच्या टोकावर काढलेला अर्धगोल सज्जा, आतून रंगीत फरशांच्या चित्रांनी मढवलेला. १७८३ साली पूर्व जॉर्जियाच्या राजाने रशियाशी जॉर्जिएव्हस्कचा तह केला, त्याला २०० वर्षं झाली म्हणून १९८३ साली सोव्हिएत राजवटीने हे उभारलं. तहानंतर अठरा वर्षांत रशियाने राज्यच गिळलं आणि २००८ मध्ये दोन्ही देशांत युद्धही झालं, तरी मैत्रीचं स्मारक शाबूत आहे.

इथे माझ्यातल्या हिशेबनिसाला एक तेजस्वी कल्पना सुचली. मार्श्रुत्का थांबत नाही, पण उतरवते तर? उतरायचं, निवांत बघायचं आणि मागून येणाऱ्या मार्श्रुत्काने पुढे जायचं. राहिलेल्या तीसेक किलोमीटरांचे फार तर पाच-पाच लारी. खाजगी गाडीचा फायदा आणि वडापचा दर! गाडी थांबवण्यासाठी काय म्हणायचं ते भाचीकडून शिकून घेतलं होतं. मी ओरडलो, "गाअचेरेत!" गाडी जागच्या जागी थांबली. परदेशी भाषेत माझं आजवर कुणी इतक्या तत्परतेने ऐकलं नव्हतं, त्यामुळे विचार बदलण्याची सोय उरली नाही. आम्ही चौघं उतरलो. आमच्या रिकाम्या जागांवर बाईने पोतं आडवं केलं.

स्मारक सुंदर आहे. पाहायला वीस मिनिटं लागतात. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवरचा वारा मात्र पाचव्या मिनिटाला सगळं पाहून झाल्याची जाणीव देतो. आम्ही रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिलो. मार्श्रुत्का आली. मी हात केला. चालकानेही हात केला आणि निघून गेला. दुसरी आली, तिच्यातल्या उतारूंनीही हात केले. भरल्याशिवाय सुटत नाही या नियमाचा उत्तरार्ध, म्हणजे सुटलेली गाडी भरलेलीच असते, माझ्या वहीत नव्हता. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही आपल्या एसटीची योजना किती दूरदृष्टीची आहे हे मी कुडकुडत मेहुणीला समजावून सांगितलं. तिने शालीतून फक्त डोळे बाहेर ठेवले होते, त्यामुळे तिचं मत कळलं नाही. पॅराग्लायडिंगवाला एक पोरगा गिऱ्हाईक शोधत आला. साडू त्याला म्हणाले, "काझबेगीत उतरवत असशील तर बोल."

तासाभराहून जास्त वेळाने एक टॅक्सी थांबली. तिला पुढचा बंपर नव्हता. तिथे बंपर नसलेल्या मोटारी इतक्या दिसतात की बंपर ही हौसेची वस्तू असावी. चालक माझ्या वयाचा, सोव्हिएत काळात वाढलेला. "इंडिया?" त्याने विचारलं. मी हो म्हणताच "राज कपूर!" म्हणत त्याने छातीवर हात ठेवला. 'आवारा'ने सोव्हिएत देशात पन्नासच्या दशकात केवढं वेड लावलं होतं हे मला माहीत होतं. आता दर उतरणार म्हणून मी हसलो. त्याने फोनवर शंभर लिहून दाखवले. मी पन्नास लिहिले. तो वाऱ्याकडे बघत थांबला. त्याच्याकडे वेळ होता, हीटर होता आणि दार बंद करायची सोय होती. राज कपूरचे दहा लारी कमी होऊन सौदा नव्वदला पटला. म्हणजे तिबिलिसीपासूनच्या एकशे वीस किलोमीटरांना ऐंशी आणि उरलेल्या तिसांना नव्वद.

जॉर्जियात वाहनं रस्त्याच्या उजवीकडून चालतात. ही गाडी जपानहून आलेली जुनी, तिचं चाक आपल्यासारखं उजव्या हाताला. त्यामुळे पुढच्या लॉरीला मागे टाकायचं तर समोरून काय येतंय ते चालकाला दिसत नाही, डावीकडे बसलेल्या माणसाला दिसतं. तिथे साडू बसले होते. चालक गाडी थोडी बाहेर काढायचा आणि भुवई उंचावून साडूंकडे पाहायचा. नोकरीभर ज्यांनी खालून टिपणी आल्याशिवाय अभिप्राय दिला नाही, त्या साडूंना आता एका सेकंदात मंजुरी द्यायची होती. रशियाच्या लार्स नाक्याकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची रांग संपता संपत नव्हती. शिवाय रस्त्यावर हिमकडे कोसळू नयेत म्हणून बांधलेल्या बोगद्यांत गाई सावलीला उभ्या. "थांब, थांब, थांब... हां, घे!" साडूंचा आवाज घुमत होता. मराठी त्याला व्यवस्थित कळत होतं. सुमारे चोवीसशे मीटर उंचीची जवारी खिंड ओलांडेपर्यंत साडूंनी अनेक प्रकरणं निकाली काढली आणि ते इतके खुलले की गाडी सोडताना त्यांनी चालकाशी हस्तांदोलन केलं. पैसे मी दिले.

गावाचं आता अधिकृत नाव स्तेपान्त्स्मिंदा. ते पटकन म्हणता येत नाही म्हणूनच की काय, लोक अजून काझबेगीच म्हणतात. समोर डोंगरावर २,१७० मीटर उंचीवर चौदाव्या शतकातलं गेरगेतीचं चर्च आणि त्याच्या मागे पाच हजार मीटरांहून उंच काझबेक शिखर. पायी गेलं तर दीड तासाची चढण. मी "पायी जाऊ, व्यायाम होईल" असं म्हणून पाहिलं. दोघी बहिणी एका वेळी एकसारख्या बघतात तेव्हा त्यांचं माहेर एक आहे हे जाणवतं. चौकात डेलिका नावाच्या उंच जपानी गाड्या उभ्याच होत्या. वर नेऊन आणायचे ऐंशी लारी. रस्ता आता पक्का झाला आहे, त्यावरून खाजगी मोटारी आरामात वर जात होत्या. एकीच्या मागच्या काचेवर अडीचशे लारी लिहिलंय असा मला भास झाला.

चर्च अप्रतिम. शिखर ढगात. जॉर्जियन दंतकथेतला अमिरानी, म्हणजे ग्रीकांच्या प्रॉमिथियसचा भाऊच म्हणा, देवांशी वैर घेतल्याबद्दल या डोंगरात साखळदंडाने बांधला गेला अशी समजूत आहे. मी अर्धा तास ढगांकडे बघत त्याच्याविषयी सहानुभूतीने विचार करत राहिलो.

खाली आलो तेव्हा पाच वाजले होते. भुकेने सगळे गप्प होते. आम्ही खिंकाली मागवली, बटाट्याची आणि अळंबीची. मोदकाला कळ्या पाडतात तशा चुण्यांचा हा पदार्थ हाताने शेंडी धरून खायचा आणि शेंडी ताटात ठेवायची. तो मागणीनंतर वळायला घेतात ही बाब मला उशिरा कळली. बायको दोनदा म्हणाली, "अहो, सहाची गाडी." मी म्हणालो, "सहाची गाडी सहाला सुटलेली तू कधी पाहिली आहेस?" माझं खरं ठरलं. ती पाच पन्नासला सुटली. भरली होती.

भाचीला फोन केला. ती काही बोलली नाही. डॉक्टर होऊ घातलेल्या माणसाला वाईट बातमीची सवय करावीच लागते. तिने ओळखीतून त्याच गावातला एक तरुण चालक मिळवून दिला. रात्रीची एकेरी फेरी, दोनशे लारी. गाडी स्वच्छ, बंपर दोन्ही बाजूंना, चाक डावीकडे, चालक इंग्रजी बोलणारा आणि सौजन्याची मूर्ती. "वाटेतले सगळे थांबे यातच आले, सर," तो म्हणाला.

पैशात जे आलंय ते सोडायचं नाही हा माझा जन्माचा बाणा. आम्ही सगळे थांबे घेतले. स्मारकापाशी अंधार होता. पासानौरीला पांढरी अराग्वी आणि काळी अराग्वी यांचा संगम आहे. दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी वाहतं. रात्री दोन्ही नद्या काळ्याच. चालकाने पुलाजवळ गाडी उभी करून कुठली कुठून येते ते नीट समजावलं. मी आवाजाच्या दिशेने बघून "वा!" म्हणालो. जिनवालीचा निळा जलाशय मी कठड्याला टेकून पाच मिनिटं पाहिला. तो तिथे आहे याविषयी माझी खात्री आहे. गाडीतून फक्त मीच उतरत होतो. बाकी तिघं झोपले होते, किंवा झोपेचं सोंग शिष्टाचार म्हणून बरं असतं.

हॉटेलवर आल्यावर मी ताळेबंद मांडला. मार्श्रुत्का ऐंशी, टॅक्सी नव्वद, डेलिका ऐंशी, खाजगी गाडी दोनशे. एकूण चारशे पन्नास. प्रत्येकी निम्मे, म्हणून मी वही साडूंपुढे सरकवली.

साडू "मी म्हणत होतो" असं अजिबात म्हणाले नाहीत. त्यांनी चष्मा लावला, पेन मागितलं आणि समासात लिहिलं: 'मंजूर अंदाजपत्रक रु. नव्हे, लारी २५०. निम्मा हिस्सा १२५ अदा. वाढीव खर्चास पूर्वपरवानगी नसल्याने तो संबंधितांकडून वसूलपात्र.' खाली सही, तारखेसह. मी आयुष्यभर लोकांना जो शेरा मारत आलो तो इतक्या निर्दोष भाषेत मला परत मिळाला, त्यामुळे दोषदुरुस्ती अहवाल द्यायलाही जागा राहिली नाही.

काझबेगीला जाणाऱ्यांसाठी म्हणून, तीनशे पंचवीस लारी मोजून मिळवलेला हिशेब इथे फुकट देतो. मार्श्रुत्काचं भाडं माणसावर असतं, गाडीचं भाडं गाडीवर. एकटे असाल, नुसतं पोचायचं असेल आणि रात्री तिथेच राहायचं असेल, तर मार्श्रुत्काइतकं चांगलं वाहन नाही. परतायचं असेल तर उतरतानाच शेवटच्या गाडीची वेळ विचारा आणि तिच्या अर्धा तास आधी जागा धरा. दोघे असाल आणि थांबेही बघायचे असतील तर दिदुबेला सामायिक टॅक्सी मिळते. किती थांबे, किती वेळ, किती पैसे हे बसण्याआधी फोनवर लिहून दाखवा, बसल्यावर नव्हे. चौघे असाल तर सरळ गाडी करा, माणशी हिशेब मार्श्रुत्काच्या येण्याजाण्यापेक्षा थोडाच वर जातो आणि त्या थोड्यात अख्खा रस्ता उजेडी दिसतो. आणि साडूंचं म्हणणं पटत असेल तर आदल्या रात्रीच हो म्हणून टाका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच होकार दोनशे लारींनी महाग पडतो.